दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना कशी करावी: तपशिलांच्या तक्त्यापासून चाचण्यांपर्यंत

दोन ग्राफिक्स कार्डांपैकी कोणते घ्यावे असा प्रश्न पडला की नवखा ग्राहक बहुधा दोन्हींच्या तपशिलांचे तक्ते शेजारी ठेवतो आणि ज्या बाजूला मोठे आकडे जास्त दिसतील ते कार्ड सरस मानतो. ही पद्धत किती फसवी आहे, हे एनव्हिडियाच्या जीफोर्स आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६० या जोडीवरून चांगले कळते. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाजारात आलेल्या ३०६० मध्ये ३,५८४ कूडा कोअर (एनव्हिडियाची गणन-एकके), १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांना जोडणारा मार्ग) आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या ४०६० मध्ये कोअर ३,०७२, मेमरी ८ जीबी आणि बस १२८ बिटची आहे. तिन्ही ठळक रकान्यांत जुने कार्ड पुढे आहे, आणि तरीही १०८०पी रिझोल्यूशनवर बहुतेक गेममध्ये नवे कार्ड साधारण १५ ते २० टक्के अधिक वेगाने चालते, तेही कमी वीज घेऊन. असे का होते, आणि काही कामांत नेमके याच्या उलट का होते, हे ज्याला तक्त्यावरून ओळखता आले त्याला इतर कोणत्याही दोन कार्डांची तुलना करता येईल. म्हणून पुढील पायऱ्यांत मुख्यतः हीच जोडी उदाहरणादाखल घेतली आहे.

पायरी १: काम आणि मॉनिटर आधी ठरवावा

तुलनेची पहिली नोंद कार्डाविषयी नसून स्वतःच्या वापराविषयी असावी. मॉनिटरचे रिझोल्यूशन, त्याचा रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते) आणि संगणकावर होणारे मुख्य काम या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीच्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख आणि ४केच्या पडद्यावर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे ४केला कार्डाला प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी, १०८०पीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंग, त्रिमितीय रेंडरिंग आणि स्वतःच्या संगणकावर भाषा-मॉडेल चालवणे ही चार कामे कार्डाच्या वेगवेगळ्या अंगांवर भार टाकतात, त्यामुळे एकात पुढे असलेले कार्ड दुसऱ्यात मागे पडू शकते.

पायरी २: कार्डाचे पूर्ण नाव तपासावे

ही पायरी किरकोळ वाटते, पण माझ्या मते सर्वांत जास्त लोक इथेच फसतात, कारण एकाच नावाखाली एकाहून अधिक वेगळी कार्डे विकली जातात. आरटीएक्स ३०६० ची ८ जीबीची आवृत्ती नंतर आली. तिची मेमरी तर कमी आहेच, शिवाय बसही १९२ ऐवजी १२८ बिटची आहे, आणि त्यामुळे मेमरीचा वेग सेकंदाला ३६० जीबीवरून २४० जीबीवर उतरतो. जुन्या जीटीएक्स १०६० च्या ३ जीबी आणि ६ जीबी आवृत्त्यांमध्ये फरक केवळ मेमरीचा आहे असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात पहिलीत १,१५२ आणि दुसरीत १,२८० कोअर आहेत. जीटी १०३० चे उदाहरण तर याहून वाईट आहे: २०१७ साली ग्राफिक्ससाठीच्या वेगवान जीडीडीआर५ मेमरीसह आलेल्या या कार्डाची २०१८ साली साध्या डीडीआर४ मेमरीची आवृत्ती आली, आणि तिचा मेमरी वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्या खाली गेला. खोक्यावरचे नाव मात्र तेच राहिले.

लॅपटॉपच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी मेमरी असते, तर डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोअर आणि २४ जीबी; लॅपटॉपमधली चिप खरे तर डेस्कटॉपच्या ४०८० च्या कुळातली आहे. ४०६० मध्ये दोन्हीकडे कोअर सारखेच असले तरी लॅपटॉप बनवणारी कंपनी त्या चिपला ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकते, आणि ती किती दिली आहे हे न पाहता दोन लॅपटॉपची तुलना करण्यात काहीच अर्थ नसतो. म्हणून पूर्ण नाव, मेमरीचा आकार, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि लॅपटॉप असल्यास वॉटेज एवढे जुळवून झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी ३: कोअर आणि क्लॉक एकत्र वाचावेत

कोअरची संख्या एकटी काही सांगत नाही. प्रत्येक कोअर एका क्लॉकच्या ठोक्याला गुणाकार आणि बेरीज अशा दोन क्रिया करतो असे धरून कोअरची संख्या, २ आणि बूस्ट क्लॉक (भाराखाली चिप गाठते तो जाहीर वेग) यांचा गुणाकार केला की कार्डाची सैद्धांतिक गणनशक्ती मिळते. आरटीएक्स ३०६० चा बूस्ट क्लॉक १.७७७ गिगाहर्ट्झ आहे, म्हणून ३,५८४ × २ × १.७७७ हा गुणाकार सुमारे १२.७ टेराफ्लॉप्स (सेकंदाला तितक्या लाख कोटी गणिती क्रिया) येतो. आरटीएक्स ४०६० चा बूस्ट क्लॉक २.४६ गिगाहर्ट्झ असल्याने ३,०७२ × २ × २.४६ म्हणजे सुमारे १५.१ टेराफ्लॉप्स होतात. कोअर कमी असूनही नवे कार्ड जवळजवळ १९ टक्के पुढे का आहे, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते: सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरच्या चिप-निर्मिती प्रक्रियेवरून टीएसएमसीच्या अधिक सूक्ष्म प्रक्रियेवर गेल्यामुळे चिपला बराच वरचा क्लॉक कमी विजेत पेलता आला.

मात्र हा हिशेब एकाच कंपनीच्या आणि जवळच्या पिढ्यांपुरताच धरावा. एनव्हिडियाने २०२० च्या अँपिअर पिढीत दशांश गणिताची एकके दुप्पट केली, पण त्यांतील निम्मी एकके पूर्णांकांच्या गणितालाही वापरली जातात. त्यामुळे कागदावर २०.३ टेराफ्लॉप्सचे आरटीएक्स ३०७० प्रत्यक्ष गेममध्ये १३.४ टेराफ्लॉप्सच्या आरटीएक्स २०८० टीआयच्या आसपासच राहिले. एएमडीच्या रेडिऑन आरएक्स ७६०० ची जाहीर गणनशक्ती २१.७५ टेराफ्लॉप्स आहे, कारण त्यातील एकके ठरावीक परिस्थितीत एका ठोक्यात दोन सूचना हाताळू शकतात आणि जाहीर आकडा ती परिस्थिती नेहमीच असते असे धरून काढलेला आहे. साध्या गेमिंगमध्ये ते कार्ड १५.१ टेराफ्लॉप्सच्या ४०६० ला फार तर बरोबरी देते. एनव्हिडियाचे कूडा कोअर, एएमडीचे स्ट्रीम प्रोसेसर आणि इंटेलचे एक्सई कोअर ही निरनिराळ्या मापांची एकके असल्याने त्यांची संख्या एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढूच नये.

पायरी ४: मेमरीचे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीला सर्रास व्हीरॅम म्हणतात आणि जाहिरातीत तिचा फक्त आकार छापतात. तुलना करणाऱ्याने मात्र मेमरी किती आहे, ती किती वेगाने वाचता येते आणि ती वाचण्याची गरज कितीदा पडते, हे तीन प्रश्न स्वतंत्र ठेवावेत.

वेगाचा हिशेब सोपा आहे. बसची रुंदी बिटमध्ये असते. तिला ८ ने भागून मेमरीच्या प्रति सेकंद गिगाबिटच्या वेगाने गुणले की बँडविड्थ मिळते. ३०६० मध्ये १९२ भागिले ८ गुणिले १५ म्हणजे सेकंदाला ३६० जीबी, आणि ४०६० मध्ये १२८ भागिले ८ गुणिले १७ म्हणजे २७२ जीबी. नव्या कार्डाची बँडविड्थ जवळपास एक चतुर्थांशाने घटली आहे, आणि ती भरून काढण्यासाठी चिपच्या आतील एल२ कॅशे ३ एमबीवरून २४ एमबीवर नेली आहे. वारंवार लागणारी वही टेबलावर हाताशी ठेवली की कपाटापर्यंतच्या फेऱ्या कमी होतात, तसे वारंवार लागणारे तपशील कॅशेमध्ये राहिले की बाहेरच्या मेमरीकडे जाण्याची वेळ कमी येते. याला मर्यादाही आहे: रिझोल्यूशन वाढले की एका फ्रेमचा पसारा वाढतो, त्यातला कमी भाग कॅशेत मावतो आणि अरुंद बस उघडी पडते. आरटीएक्स ३०६० टीआयच्या ४४८ जीबीच्या तुलनेत फक्त २८८ जीबी बँडविड्थ असलेले आरटीएक्स ४०६० टीआय १०८०पीवर जेवढे पुढे दिसते तेवढे ४केवर दिसत नाही, ते यामुळेच. म्हणून मोठी कॅशे आणि अरुंद बस असलेल्या कार्डाचे निकाल नेहमी स्वतःच्या रिझोल्यूशनचेच पाहावेत.

आकाराचा प्रश्न वेगळ्या स्वभावाचा आहे. मेमरी पुरेशी असली की तिच्यातील वाढीव भाग वेगात काहीही भर घालत नाही. ती अपुरी पडली की मात्र कार्ड एकदम अडखळू लागते, कारण न मावलेले टेक्श्चर (गेममधील वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवून मदरबोर्डच्या स्लॉटमधून आणावे लागतात. या स्लॉटच्या, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या, ८ लेनमधून (माहितीच्या वाहिन्यांमधून) एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात. कार्डाच्या स्वतःच्या २७२ जीबीच्या तुलनेत हा रस्ता किती चिंचोळा आहे ते उघड आहे. अशा वेळी सरासरी फ्रेम फारशा घटत नाहीत, पण चित्र मधूनमधून झटके देते, किंवा काही गेम न सांगता कमी दर्जाचे टेक्श्चर दाखवू लागतात आणि आकडे मात्र छान दिसत राहतात. टेक्श्चरचा दर्जा सर्वोच्च ठेवून, रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांची वाट मोजून सावल्या आणि प्रतिबिंबे काढणे) चालू करून खेळल्यावर काही नव्या गेममध्ये ८ जीबी कमी पडतात, आणि त्या ठिकाणी १२ जीबीचे जुने ३०६० हे नव्या ४०६० पेक्षा सुरळीत चालू शकते. रेंडरिंगचे जड दृश्य किंवा भाषा-मॉडेल यांच्या बाबतीत तर मेमरीत मावणे ही पहिली अट असते. तिथे वेगाची चर्चा नंतर येते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. १२ जीबी हा आकडा ३०६० ला औदार्यातून मिळालेला नाही. जीडीडीआर६ ची प्रत्येक चिप ३२ बिटची जागा घेते, म्हणून १९२ बिटच्या बसवर सहा चिपा बसतात; त्या १ जीबीच्या घेतल्या तर ६ जीबी आणि २ जीबीच्या घेतल्या तर १२ जीबी होतात. १२८ बिटच्या बसवर चार चिपा बसतात आणि तिथे ८ जीबी होतात, नाहीतर बोर्डाच्या दोन्ही बाजूंना चिपा लावून १६ जीबी. मेमरीच्या आकारावरून कार्ड कोणत्या दर्जाचे आहे हे ठरवू नये, असे म्हणण्यामागे हे कारण आहे.

पायरी ५: वीज, स्लॉट आणि जागा

३०६० ची विजेची मर्यादा १७० वॉट आहे आणि ४०६० ची ११५ वॉट. ५५ वॉटचा हा फरक रोज चार तासांच्या पूर्ण भाराने वर्षाला सुमारे ८० युनिट होतो; शिवाय कमी वीज म्हणजे कमी उष्णता आणि बहुधा कमी आवाज. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते आणि आठ पिनांच्या प्रत्येक जोडणीतून १५० वॉटपर्यंत, तेव्हा पॉवर सप्लायमध्ये योग्य त्या जोडण्या आहेत का हे आधीच मोजून घ्यावे. कार्डाची लांबी आणि ते किती स्लॉटची जागा व्यापते हे कॅबिनेटच्या मापाशी ताडून पाहावे.

जुना मदरबोर्ड असणाऱ्यांनी लेनची संख्या नक्की पाहावी. ३०६० ला १६ लेन आहेत, ४०६० ला ८. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या मदरबोर्डवर प्रत्येक लेनचा वेग निम्मा होतो. ४०६० ला याचा फटका सहसा थोडाच बसतो. मात्र जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीला केवळ ४ लेन आणि ४ जीबी मेमरी होती, आणि जुन्या मदरबोर्डवर त्याची कामगिरी ठळकपणे घसरत असे. इंटेलची आर्क कार्डे घेणाऱ्याने मदरबोर्डमध्ये रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी, सोय आहे की नाही ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण तिच्याविना त्या कार्डांचा वेग बराच उतरतो.

पायरी ६: ज्या सोयी खरोखर वापरल्या जातील त्याच मोजाव्यात

सोयींची यादी लांबलचक असते, पण तिच्यातील तीनचारच गोष्टी बहुतेकांच्या उपयोगाच्या असतात. एनव्हिडियाच्या डीएलएसएसचे अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर फ्रेम तयार करून ती मोठी करणे, दोन्ही कार्डांवर चालते. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक कृत्रिम फ्रेम घालणारे डीएलएसएसचे फ्रेम जनरेशन मात्र ४० मालिकेपासून पुढेच मिळते. एएमडीचे एफएसआर हे तसेच अपस्केलिंग, त्याच्या पहिल्या काही आवृत्त्यांपुरते बोलायचे तर, इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. व्हिडिओ तयार करणाऱ्यांसाठी एव्ही१ स्वरूपाचा मुद्दा महत्त्वाचा आहे: ३०६० हे स्वरूप फक्त वाचू शकते, ४०६० त्यात लिहूही शकते. रेंडरिंग किंवा यंत्रशिक्षणाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने ते सॉफ्टवेअर कूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांवरच चालणाऱ्या गणन-प्रणालीवर, अवलंबून आहे का हे पाहावे, कारण तसे असेल तर एएमडी आणि इंटेलची कार्डे स्पर्धेतून बाहेर पडतात आणि तुलना तिथेच आटोपते.

पायरी ७: चाचण्यांचे निकाल वाचावेत

तक्ता वेगाची कारणे सांगतो. प्रत्यक्ष वेग चाचणीतच कळतो. चाचणीचा आलेख समोर आल्यावर लांब पट्टी कोणाची हे पाहण्याआधी आलेखाच्या कडेला लिहिलेल्या अटी वाचाव्यात: प्रोसेसर कोणता, रिझोल्यूशन कोणते, दर्जाची मांडणी कोणती, अपस्केलिंग किंवा फ्रेम जनरेशन चालू होते का, आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) कोणत्या काळातला. या अटी दोन्ही कार्डांसाठी सारख्या नसतील तर तो आलेख बाजूला ठेवावा. एका ठिकाणचे ३०६० चे निकाल आणि दुसऱ्या ठिकाणचे ४०६० चे निकाल घेऊन त्यांची जोडी लावणे हेही तितकेच चुकीचे आहे.

फ्रेम जनरेशन चालू ठेवून काढलेले आकडे वेगळ्या वहीत लिहावेत, असे मी आग्रहाने सांगेन. कृत्रिम फ्रेममुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण खेळणाऱ्याने बटण दाबल्यावर होणारा प्रतिसाद त्या फ्रेममध्ये नसतो, उलट तो किंचित उशिरा येतो. म्हणून मूळचा वेग चांगला असेल तरच या सोयीचा उपयोग होतो. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ५०७० हे ४०९० इतकी कामगिरी देते असे मांडले, ते एका खऱ्या फ्रेममागे अनेक कृत्रिम फ्रेम घालणारी नवी सोय हिशेबात धरून. ती बाजूला केली तर ५०७० बरेच मागे राहते. उत्पादकाच्या आलेखातील तळटीप वाचण्याची सवय या एकाच उदाहरणाने लागावी.

सरासरी एफपीएसबरोबर (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमच्या संख्येबरोबर) सर्वांत मंद १ टक्का फ्रेमचा आकडाही पाहावा. समजा, एक कार्ड सरासरी ९० आणि मंद टप्प्यात ४० एफपीएस देते, आणि दुसरे सरासरी ८४ व मंद टप्प्यात ६८ देते. सरासरीत पहिले पुढे असले तरी खेळताना दुसरेच चांगले वाटेल, कारण ४० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला २५ मिलिसेकंद आणि ६८ म्हणजे १५ मिलिसेकंदांहून कमी. डोळ्याला खटकतात ते हे लांबलेले क्षण. मेमरी अपुरी पडल्याची पहिली खूणही बहुधा याच आकड्यात दिसते.

एखाद्या गेममध्ये दोन्ही कार्डांचे आकडे जवळजवळ सारखे दिसले तर कार्डे सारखी आहेत असे मानण्यापूर्वी प्रोसेसरने दोन्हींना रोखून धरले आहे का हे तपासावे. त्याच गेमच्या अधिक रिझोल्यूशनच्या निकालात फरक दिसू लागला, तर अडथळा प्रोसेसरचा होता. घरचा प्रोसेसर जुना असेल तर चाचणीतला फरक घरी तेवढा दिसणार नाही, हेही यातूनच निघते.

टक्केवारी काढताना पाया कोणता हे विसरू नये. एक कार्ड ८० आणि दुसरे १०० एफपीएस देत असेल तर दुसरे पहिल्यापेक्षा २५ टक्के वेगवान आहे, आणि पहिले दुसऱ्यापेक्षा २० टक्के मंद. दोन लेखांतले आकडे जुळत नाहीत ते अनेकदा एवढ्यामुळेच. अनेक गेमचा एकत्रित निष्कर्ष हवा असेल तर प्रत्येक गेममधील दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर काढावे आणि त्या गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घ्यावी, म्हणजे ३०० एफपीएस देणारा एखादा हलका गेम इतरांवर वरचढ होणार नाही. थ्रीडीमार्कसारख्या कृत्रिम चाचणीचे गुण पटकन अंदाज घेण्यासाठी ठीक आहेत. अंतिम निर्णय त्यांवर सोडू नये. रेंडरिंग करणाऱ्यांनी ब्लेंडरच्या स्वतःच्या बेंचमार्कचे निकाल पाहावेत.

पायरी ८: निर्णय, आणि कार्ड हाती आल्यावरची तपासणी

आता पहिल्या पायरीतील कागद पुन्हा समोर घ्यावा आणि प्रत्येक कार्डाची मागितलेली किंमत त्याच्या सरासरी एफपीएसने भागून एका फ्रेममागचा खर्च काढावा. १०८०पीवर गेम खेळणाऱ्याला, टेक्श्चर एक पायरी खाली ठेवण्याची तयारी असल्यास, ४०६० घेणे योग्य ठरते. भाषा-मॉडेल, मोठी त्रिमितीय दृश्ये किंवा सर्वोच्च टेक्श्चर यांपैकी काही हवे असेल तर १२ जीबीचे ३०६० अजूनही विचारात घेण्यासारखे आहे, मंद असूनही. आणि आधीच ३०६० वापरणाऱ्याने केवळ १५-२० टक्क्यांसाठी ४०६० कडे वळू नये असे माझे मत आहे. एवढा फरक आलेखात दिसतो, खेळताना क्वचितच जाणवतो, आणि त्या बदल्यात ४ जीबी मेमरी सोडावी लागते.

कार्ड बसवल्यानंतर जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडून कोअरची संख्या, मेमरीचा प्रकार आणि आकार, बसची रुंदी व लेनची संख्या दुसऱ्या पायरीतील नोंदींशी जुळतात का ते पाहावे. बनावट नाव दिलेली बरीच कार्डे हे सॉफ्टवेअर ओळखते आणि तसे स्पष्ट दाखवते. कार्ड निवांत असताना वीज वाचवण्यासाठी स्लॉटचा वेग खाली उतरलेला असतो, त्यामुळे तो आकडा सॉफ्टवेअरमधील छोटी भार-चाचणी चालू करूनच वाचावा. त्यानंतर ज्या गेमचे निकाल आपण चाचण्यांत पाहिले होते त्यांपैकी एक त्याच मांडणीवर चालवून पाहावा. थोडाफार फरक राहणारच. पण वेग खूपच कमी भरला तर मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डालाच जोडली आहे ना, मुख्य मेमरीच्या दोन्ही पट्ट्या लागल्या आहेत ना आणि कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसले आहे ना, हे परतीची मुदत संपण्यापूर्वी तपासून घ्यावे.